‘पोलीस दाबतायत’ म्हणणाऱ्याला आधी गु. र. नंबर विचारा

मागच्या पावसाळ्यात सागरने आमच्या घरच्या ग्रुपवर एक आवाजी निरोप टाकला. बोलणाऱ्याचा आवाज एकदम खर्जातला आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. म्हणणं असं : सोमेश्वर ते तपोवन, गंगेत (नाशकात गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) वर्षभरात चौदा प्रेतं सापडली, सगळी तरुण पोरं, मारणारा एकच आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय म्हणून वरून आदेश आहेत, पेपरवाले छापणार नाहीत, तुम्हीच पुढे पाठवा. खाली सागरने मला विचारलं होतं, “मामी, तू कोर्टात होतीस ना, तुला आतलं माहीत असेल.”

सागर माझ्या नणंदेचा मुलगा, सातपूरला कंपनीत आहे. हुशार आहे, पण रात्रपाळीला मोबाइल हातात असला की हुशारीचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं कारकुनी केली. बरीचशी फौजदारी बोर्डावर, शेवटची काही वर्षं रेकॉर्ड रूममध्ये. आतलं मला एवढंच माहीत आहे, की आत सुतळीत बांधलेले गठ्ठे असतात आणि ते वाचायला कुणी येत नाही.

त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहिते. असा निरोप आला तर ‘खोटं आहे, सोडून दे’ म्हणायचं नाही आणि ‘बापरे’ही म्हणायचं नाही. तपासायचं. कसं, ते पुढे.

पहिली गोष्ट, तीन शब्द विचारा : ठाणं, नंबर, साल. प्रत्येक गुन्ह्याला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, गु. र. नं. म्हणतात तो. दर सालाला तो एकपासून सुरू होतो, म्हणून साल लागतं. दर ठाण्याचं रजिस्टर वेगळं, म्हणून ठाणं लागतं. आरोपी सापडला नसला तरी नंबर असतो. ज्याला खरंच काही माहीत आहे, तो निदान ठाणं तरी सांगतोच. सागरच्या निरोपवाल्याने ‘गंगेत’ एवढंच सांगितलं होतं. आता गंगापूर, सरकारवाडा, पंचवटी, भद्रकाली, आडगाव, नदी तपोवनाच्या पुढे जाईपर्यंत किती ठाण्यांच्या हद्दी ओलांडते ते बघा. पाण्यात एका हद्दीत पडलेला माणूस दुसऱ्या हद्दीत वर येतो. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की कुठलं प्रेत कुठे निघेल याचा भरवसा नाही.

दुसरं म्हणजे, नदीत सापडलेलं प्रत्येक प्रेत ‘गुन्हा’ म्हणून नोंदवलं जात नाही. आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, बोलीभाषेत ‘एडी’. पंचनामा, शवविच्छेदन, नातेवाइकांचे जबाब होतात आणि घातपाताची शंका आली तर पुढे गुन्हा दाखल होतो. म्हणजे ऑनलाइन एफआयआर शोधून काही सापडलं नाही, याचा अर्थ नोंदच नाही असा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर एफआयआर साधारण चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, पण लैंगिक अत्याचार, लहान मुलं, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. एडी तर एफआयआरच नव्हे. सागर म्हणाला, “मी साइटवर बघितलं, एकही नाही, म्हणजे दाबलंय.” अरे बाबा, तू किराणा दुकानात जाऊन औषध मागतोयस.

आता ज्या शब्दांनी सगळ्यात जास्त घोळ होतो त्यांच्याकडे येते. कारकुनाला रोजचे असलेले शब्द बाहेरच्या माणसाला भुतासारखे दिसतात.

‘व्हिसेरा राखून ठेवला.’ बातमीत हे वाक्य आलं की लोकांना वाटतं, मृत्यूचं कारण राखून ठेवलं. व्हिसेरा म्हणजे पोट, यकृत, मूत्रपिंड वगैरेंचे नमुने. डॉक्टरला उघड्या डोळ्यांनी कारण सांगता आलं नाही, किंवा विषाची शक्यता तपासायची असली, की ते बरणीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. पाण्यात दोन-तीन दिवस राहिलेल्या शरीराचं तर विचारूच नका. बुडून मेला की मेल्यावर पाण्यात पडला हे ठरवायला कधी कधी हाडाच्या मगजात डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवालं, सापडतात का तेही बघतात. नाशकात प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, पण तिच्याकडे एकट्या नाशकाचं काम नाही. रांग लागते. अहवाल यायला महिनोन् महिने गेलेले मी माझ्या बोर्डावर पाहिलेत, आणि त्या प्रकरणांत कुठला मंत्री नव्हता की मंत्र्याचा मेव्हणा नव्हता. ट्रॅक्टरखाली सापडलेले, फवारणीचं औषध प्यायलेले, असे साधे लोक होते.

‘समरी पाठवून फाइल बंद केली.’ समरी म्हणजे तपास थांबवताना पोलीस कोर्टाला देतात तो अहवाल. यात ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि लोक तिन्हींचा एकच अर्थ लावतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी म्हणजे फिर्यादच खोटी. सी म्हणजे गैरसमजातून झालेली, किंवा मुळात दिवाणी भानगड. ए समरी झालेली फाइल मेलेली नसते, नवा पुरावा मिळाला तर तपास परत सुरू होतो. आणि ही समरी पोलीस आपल्या मनाने मंजूर करत नाहीत, दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावी लागते. फिर्यादीला नोटीस निघते, तो विरोध करू शकतो. म्हणून कुणी ‘बंद केली’ म्हणालं की विचारा, कुठली समरी, कुठल्या कोर्टात, फिर्यादीने हरकत घेतली का?

‘नावं लपवली.’ लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव छापणं हाच गुन्हा आहे. अल्पवयीन मुलांचंही तसंच. ‘कोर्टाने दारं लावून घेतली’, तेही कायद्यातच आहे, इन कॅमेरा.

आणि ‘रेकॉर्ड नष्ट केलं’. यावर मी तासभर बोलू शकते, पण आवरतं घेते. कागदांची वर्गवारी असते, प्रत्येक वर्गाची मुदत असते, ती संपली की यादी करून, सही घेऊन गठ्ठे रद्दीत जातात. मी स्वतः अशा याद्या केल्या आहेत. आत जे जातं त्याचा कागद राहतो, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी धडा. नष्ट केल्याची यादी मागा. ती असेल तर नेहमीची साफसफाई. ती नसेल, किंवा मुदतीआधीचा कागद त्यात असेल, तर मात्र खुर्चीत जरा पुढे सरकून बसा.

इथे एक कबुली द्यायला हवी. १९९६ मध्ये गावित मायलेकींचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी नोकरीत नवीन होते. अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. मुलं पळवायची, चोरी करताना त्यांचा ढालीसारखा उपयोग करायचा आणि जड झाली की मारायची. प्रकरणाला नाशिकचा धागा होता. अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याची दुसरी बायको इथली, तिची मुलगी पळवली गेली होती. त्या दिवसांत शालिमारला, मेन रोडला बायका मुलांचं मनगट पांढरं होईस्तोवर धरून चालायच्या. मीही. आणि मी छातीठोकपणे सांगत फिरायचे की मुलं चाळीसच्या वर आहेत, मोठी नावं गुंतलीत, म्हणून आकडा कमी दाखवतायत. अंजनाबाई खटला उभा राहायच्या आधीच १९९७ मध्ये कोठडीत वारली, तेव्हा तर ‘बघा, तोंड बंद केलं’ हे वाक्य मी स्वतः चहाच्या टेबलावर म्हटलं होतं.

पुढे निकाल वाचला. दोषारोप होते तेरा मुलांच्या अपहरणाचे आणि नऊ खुनांचे. सिद्ध झाले त्याहून कमी. ‘कमी दाखवले’ नव्हेत, कमी सिद्ध झाले. सापडलेलं प्रेत, ओळख, साक्षीदार, यातलं एखादं नसलं की तो खून कोर्टात उभा राहत नाही. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. नंतर दयेचा अर्ज. राष्ट्रपतींनी तो २०१४ मध्ये फेटाळला, तरी फाशी झाली नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. कारण? दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस लागले. कोर्टाने शासनाच्या ढिलाईवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्याही वेळी ग्रुपवर फिरलंच, ‘कुणीतरी वाचवतंय’. मी मात्र तो कालावधी वाचला आणि मला एक टेबल दिसलं, त्यावर एक फाइल, तिच्यावर दुसरी फाइल, आणि रजेवर गेलेला माणूस.

मला आता जे कळलंय ते हे, की सरकार सहसा खुनी लपवत नाही. सरकार स्वतःची चूक लपवतं. शोधायचं असेल तर तिथे शोधा.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. यॉर्कशरमध्ये पीटर सटक्लिफने तेरा बायका मारल्या. १९८१ मध्ये त्याला शिक्षा झाली. पकडण्याआधी पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलं होतं. मधे कुणा भलत्यानेच ‘मीच तो’ म्हणून आवाजाची टेप पाठवली, आणि पोलीस त्या बोलीच्या माणसाच्या मागे धावत राहिले. टेपवाला २००६ मध्ये शिक्षा होऊन आत गेला. आवाजी निरोपाने तपासाची वाट लागते, ही गोष्ट मोबाइलच्या आधीची आहे! तपासात काय चुकलं यावर बायफर्ड या पोलीस अधिकाऱ्यांनी १९८१ मध्येच अहवाल दिला, तो मूळ अहवाल लोकांपुढे यायला २००६ उजाडलं, तेही माहितीच्या कायद्याखाली. म्हणजे दाबादाबी खरी होती. पण त्यात राजघराणं नव्हतं, गुप्त संघटना नव्हती. नाचक्की होती.

रशियात तर याहून वाईट. आंद्रेई चिकातिलो १९८४ मध्ये हातात सापडला होता, रक्तगट जुळत नाही म्हणून सुटला, आणि पुन्हा पकडला जाईपर्यंत १९९० उजाडलं. १९९२ मध्ये बावन्न खुनांसाठी त्याला दोषी ठरवलं. त्याने १९७८ मध्ये केलेल्या पहिल्या खुनासाठी भलत्याच माणसाला १९८३ मध्ये मृत्युदंड दिला गेला होता. सोव्हिएत वर्तमानपत्रांत असल्या बातम्या येतच नसत, म्हणून पालकांना सावध कुणी केलं नाही, आणि छापलं नाही म्हणून अफवांना ऊत आला.

आणि याच्या उलट, कागदापुढे न टिकणारी कथा म्हणजे जॅक द रिपर. १८८८, लंडन. मारेकरी राणी व्हिक्टोरियाचा नातू होता म्हणून दाबलं, असं अजून लोक चवीने सांगतात. ३० सप्टेंबरच्या पहाटे दोन खून झाले तेव्हा तो राजपुत्र स्कॉटलंडला होता. राजघराण्यातला माणूस कुठल्या दिवशी कुठे जेवला याचीही नोंद असते, आणि इथे ती नोंदच कथेच्या मुळावर आली.

निठारी मात्र मी सागरला मुद्दाम वाचायला लावलं, कारण माझ्या म्हणण्यातली सोपी बाजू ते मोडतं. नोएडात डिसेंबर २००६ मध्ये बंगल्यामागच्या नाल्यात लहान मुलांची हाडं, कवट्या निघाल्या. गरीब आईबाप मुलं हरवल्याची तक्रार घेऊन आधीपासून ठाण्यात खेटे घालत होते, त्यांना हाकलून दिलं जात होतं. अवयवांच्या व्यापाराची शंका त्या वेळी लोक बोलायचे तेव्हा ती अफवाच वाटायची. पण केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीनेही ती बाजू तपासावी असं सुचवलं होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोपींना निर्दोष सोडताना लिहिलं, की ही शक्यता नीट न तपासता बंगल्यातल्या गरीब नोकराला राक्षस ठरवण्याचा सोपा मार्ग तपास यंत्रणेने धरला. साठ दिवस पोलीस कोठडीत ठेवून मग घेतलेला कबुलीजबाब कोर्टाने मानला नाही. म्हणजे शंका घेणारे वेडे नव्हते. पण ती शंका कागदावर आली तेव्हाच तिला वजन आलं. आणि अवयवांचा व्यापार झालाच होता, असंही कोर्ट म्हणालेलं नाही. तपासला नाही, एवढंच म्हणालंय. हा फरक सागरला समजावायला मला दोन कप चहा लागले.

कबुलीजबाबावरून आठवलं. ‘त्याने स्वतः कबूल केलंय’ असं कुणी म्हणालं तर विचारा, कुणापुढे? आपल्याकडे पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, इंग्रजांच्या काळापासून. अमेरिकेत हेन्री ली लुकासने शेकडो खून कबूल केले, टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलने १९८६ मध्ये तपासलं तर बऱ्याच खुनांच्या वेळी तो भलत्याच ठिकाणी होता. कबूल करणं त्याला परवडत होतं आणि फाइली बंद होणं पोलिसांना.

आता प्रत्यक्ष काम. मी आणि सागर एका शनिवारी सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि वर्षभराचे स्थानिक अंक चाळले. १८४० ची संस्था आहे, पण पंखा बहुतेक त्याच सुमाराचा असावा. निरोपातले चौदा आम्ही बातम्यांशी जुळवले. तीन ‘प्रेतं’ एकाच माणसाची निघाली, तीन पेपरांत तीन वयं छापलेली. निरोपासोबत आलेल्या फोटोत मागे तेलुगू पाटी होती. दोन माणसं साठीच्या पुढची. ‘सगळी तरुण पोरं’ इथेच संपली. उरलेल्यांसाठी माहिती अधिकार.

अर्ज करताना लोक ‘का’ विचारतात आणि फसतात. ‘आपण हे खून का दाबत आहात?’ याला उत्तर नसतं, कारण माहिती म्हणजे अस्तित्वात असलेला कागद. कागद मागा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. आमचा मजकूर साधारण असा होता : “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या ठाण्यात पाण्यात बुडून झालेल्या मृत्यूंच्या अकस्मात मृत्यू नोंदींचे क्रमांक व दिनांक, व्हिसेरा पाठवला असल्यास अहवाल प्राप्त की प्रलंबित, चौकशीअंती गुन्हा दाखल झाला असल्यास गु. र. नं. मृतांची नावे नकोत.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नावं मागितली की खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. तपास चालू असेल तर त्याला अडथळा येईल म्हणूनही नकार देता येतो, पण नुसतं ‘तपास चालू आहे’ पुरत नाही, अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नाशकात आहे, मुंबईला जावं लागत नाही. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं काहीच झालेलं नसतं.

प्रकरण कोर्टात गेलं असेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर टाका, किंवा ठाणं-नंबर-साल टाका. तारखा आणि काही ठिकाणी रोजनामाही, म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, दिसतो. रोजनामा वाचायला शिका. ‘साक्षीदार गैरहजर, तारीख’, ‘आरोपीस हजर केले नाही, तारीख’, असं पानामागून पान. दाबलेलं प्रकरण आणि रेंगाळलेलं प्रकरण लांबून सारखंच दिसतं, रोजनाम्यात ते वेगळं होतं.

यातलं काहीच करायचं नसेल तर निदान पुढे पाठवू नका, आणि माणसाचा फोटो असेल तर अजिबातच नाही. १ जुलै २०१८, आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असे निरोप फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्याच सुमारास मालेगावात एका कुटुंबाला लोकांनी घेरलं, त्यात लहान मूल होतं, पोलिसांनी कसंबसं सोडवलं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा घातली. हे मी सागरला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने ग्रुपवरचा निरोप काढून टाकला. दोन तास उशिरा, पण काढला.

खरंच काही पाहिलं असेल तर लेखी द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक घ्या. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे टपालाने पाठवा, तेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

आमच्या अर्जांचं काय झालं? बहुतेक ठाण्यांची उत्तरं आली. एकाने तर क्रमांक, तारखा, अहवालाची स्थिती असा सुरेख तक्ता करून पाठवला, तो करणाऱ्या कारकुनाला मी मनातल्या मनात बढती दिली. एका ठाण्याने मात्र ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं एका ओळीत कळवलं. पहिल्या अपिलातही तेच. खुनी तिथे लपलाय असं मला वाटत नाही. रजिस्टर भरलेलं नाही, असं वाटतं. पण त्यातल्या एका नोंदीला वर्ष उलटून गेलंय, आणि तो मुलगा खरंच तरुण होता, बातमीत वय एकवीस होतं. दुसरं अपील टाकलंय. तारीख लागली की सागर सुट्टी टाकणार आहे. गाडी त्याची, फाइल माझी.